सेवियात होस्ट फॅमिली की फ्लॅट? एडिसनच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न परवाच वाचला होता, पण मोबाईलवर दोन ओळीत उरकण्यासारखा नव्हता म्हणून आज सुट्टीच्या दिवशी बसून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते. मागाहून वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात परत मांडते: मुलगी न्यू जर्सीत, एडिसनला वाढलेली, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, जानेवारी ते मेच्या मध्यापर्यंत स्पेनमधल्या सेवियाला (इंग्रजीत सेव्हिल) शिकायला येतेय, शाकाहारी पण अंडं चालतं. कॉलेजवाले म्हणतात होस्ट फॅमिलीत, म्हणजे इथल्याच एखाद्या कुटुंबाच्या घरी राहा, मैत्रिणी म्हणतात चौघी मिळून फ्लॅट घेऊ, आणि तुम्हाला काळजी की परक्या बाईच्या घरी पोरीच्या खाण्याचं काय आणि ती सुरक्षित राहील ना. शेवटी सहज लिहिलंय की ऑफिस संपल्यावर रोज ४ वाजता व्हिडिओ कॉल करायचं ठरलंय. मला विचाराल तर अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, पण तिच्याकडे शेवटी येते.

मी मूळची पुण्याची, सेवियात १४ वर्षं झाली, आणि माझं कामच हे आहे, अमेरिकेहून येणाऱ्या मुलामुलींना इथल्या घरांमध्ये ठेवणं. कोण सिगरेट ओढतं, कोणाला मांजर चालत नाही, कोणत्या आजींना बडबडी पोरगी हवी असते, हे सगळं जुळवत बसायचं. वधूवर सूचक मंडळच म्हणा, फक्त लग्न चार महिन्यांचं.

तर पहिली गोष्ट. सेविया सुरक्षित आहे का, याचं उत्तर हो, बऱ्यापैकी. रात्री ११ ला इथे लहान मुलं चौकात फुटबॉल खेळत असतात आणि त्यांचे आजीआजोबा बाकावर बसलेले असतात, त्यामुळे रस्ता रिकामा असा फार कमी वेळ मिळतो. पाकीटमार आहेत, कॅथेड्रलच्या आसपास आणि हॉटेलच्या बाहेरच्या टेबलांवर ठेवलेले फोन तर हमखास जातात. अडचण आली तर ११२ हा एकच नंबर. पण इतक्या वर्षांत मला मध्यरात्री जे फोन आले त्यातले बहुतेक शहरामुळे आलेले नव्हते, दारूमुळे होते. अमेरिकेत २१ पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही आणि इथे १८ ला मिळते, त्यामुळे विशीची पोरं पहिल्या दोन आठवड्यांत हात सैल सोडतात. तिच्याशी बोलायचंच असेल तर यावर बोला, आणि रात्री तीनला एकटीनं चालत यायचं नाही, टॅक्सी करायची, पैशाचा विचार करायचा नाही, एवढं सांगा. बास.

आता घराचं. तुम्ही ज्याला प्रश्न समजताय तो 'परकी बाई की मैत्रिणी' असा आहे, पण खरा प्रश्न वेगळा आहे असं मला वाटतं. तो असा की ही मुलगी चार महिने सेवियात राहणार आहे की सेवियात असलेल्या छोट्या अमेरिकेत. कारण ती छोटी अमेरिका फार सोयीची असते हो. सकाळी क्लासला सगळे अमेरिकन, कारण बरेचसे कोर्स खास त्यांच्यासाठीच घेतलेले असतात, दुपारी त्याच पोरांबरोबर कॉफी, गुरुवारी रात्री स्वस्तातलं विमान पकडून लिस्बन, माराकेश, रोम, रविवारी रात्री परत, आणि फ्लॅटवर इंग्लिशमध्ये गप्पा. मे महिन्यात अशी मुलं निरोप घ्यायला ऑफिसात येतात तेव्हा त्यांच्या फोनमधे देशोदेशीचे फोटो खूप असतात आणि खालच्या बारवाल्याशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत. वाईट नाहीत हो पोरं, सोपी वाट कोण सोडतं.

फ्लॅटला माझा सरसकट विरोध नाही. मुलगी वर्षभरासाठी येत असेल, स्पॅनिश आधीच चांगलं असेल आणि फ्लॅटमधे स्पॅनिश मुलीच असतील तर फ्लॅट उत्तम. चार महिन्यांसाठी चार अमेरिकन मैत्रिणी मिळून, तर मग एडिसनलाच का नाही राहायचं? शिवाय चार महिन्यांचा करार द्यायला घरमालक तयार नसतात, आणि फोटो बघून अमेरिकेतून डिपॉझिट पाठवलं आणि इथे येऊन बघितलं तर त्या पत्त्यावर भलतंच कोणी राहतंय, असं झालेलं मी स्वतः बघितलंय. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही.

होस्ट फॅमिली म्हणजे इथे नेहमी आईबाबा आणि दोन मुलं असं चित्र नसतं हेही सांगून ठेवते. खूपदा एकटी बाई असते, साठी-सत्तरीची, मुलं लग्न होऊन गेलेली, एक-दोन खोल्या रिकाम्या. अमेरिकन मुलं तिला 'माझी सेन्योरा' म्हणतात. त्रियाना, लोस रेमेदिओस, नेर्वियोन या इथल्या वस्त्यांमधे अशा किती तरी आहेत. तिला मुलांना पाठवणाऱ्या प्रोग्रॅमकडून पैसे मिळतात, हे तिचं उत्पन्न आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. पैशासाठी करते म्हणजे माया नसेल असं मात्र समजू नका. आपल्याकडे सदाशिव पेठेत पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या काकू आठवतात ना, तशाच काहीशा. कडक, प्रेमळ, आणि विजेच्या बिलावर डोळा.

विजेच्या बिलावरून आठवलं. जानेवारीत येतेय ना, तर तिला सगळ्यात मोठा धक्का थंडीचा बसणार. तुम्ही हसाल, न्यू जर्सीत बर्फात वाढलेली पोरगी. पण इथली घरं ४० अंशांच्या उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी संगमरवरी, भिंती जाड, खिडक्यांना पर्सियाना म्हणजे सरकणारे पडदेवजा शटर, आणि जुन्या घरांमधे सेंट्रल हीटिंग नाहीच. बाहेर दुपारी १६ अंश, मस्त ऊन, आणि घरात शिरलं की हुडहुडी. रात्री बाहेर ५-६ अंशांपर्यंत उतरतं. पहिल्या आठवड्यात मला हमखास मेसेज येतो की हीटरचं बटण कुठे आहे. बटण नाहीये गं बाई, टेबल आहे.

हे टेबल जरा नीट सांगते कारण माझ्या मते अख्खा होस्ट फॅमिलीचा मामला त्या टेबलात आहे. त्याला मेसा कामिया म्हणतात. गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाडजूड कापड, इथल्या बोलीत त्या कापडाला एनाग्वास म्हणतात, म्हणजे चक्क परकर. टेबलाच्या खाली, पायांच्या मधे एक ब्रासेरो असतो, पूर्वी त्यात निखारे असायचे, आता विजेची जाळी असते. तुम्ही खुर्ची ओढून बसायचं, टेबलाचा परकर उचलून मांडीवर घ्यायचा, कमरेपासून खाली शेगडी आणि पाठीत गारवा. घरात ऊब फक्त तिथे. त्यामुळे होतं काय की टीव्ही तिथेच, जेवण तिथेच, भाजी निवडणं तिथेच, मुलीचा अभ्यासही तिथेच आणि शेजारची बाई आली की तीही तिथेच पाय घालून बसते. शिकवणीत दोन तास घातले तरी येणार नाही ती भाषा त्या टेबलाशी फुकट कानावर पडते. आणि ती पुस्तकातली नसते, सेवियातली असते, शब्दांच्या शेवटचा स खाल्लेला, 'पेस्कादो'चा 'पेस्काओ' झालेला. पहिले तीन आठवडे काहीही कळत नाही, मुलं रडकुंडीला येतात की आम्ही शाळेत शिकलो ती कुठली भाषा होती. चौथ्या आठवड्यात काहीतरी सुटतं आणि टीव्हीवरच्या बातमीवर सेन्योराशी वाद घालायला लागतात.

आता जी मुलगी ताट उचलून आपल्या खोलीत जाते, लॅपटॉप लावते आणि कुडकुडत घोंगडी घेऊन बसते, तिला यातलं काही मिळत नाही. खोलीत स्वतःचा हीटर लावू नये. एका मुलीनं बाजारातून आणून लावला, त्याच वेळी सेन्योराचा ओव्हन आणि वॉशिंग मशीन चालू, आणि अख्खं घर अंधारात. इथे प्रत्येक घरानं किती किलोवॉट घ्यायचे ते आधी ठरवून करार केलेला असतो, त्याच्या वर गेलं की खटका पडतो. आणि अमेरिकेतला हेअर ड्रायर आणूच नका, तिकडे १२० व्होल्ट, इथे २३०, धूर निघतो. फोन-लॅपटॉपचे चार्जर बहुतेक दोन्हीवर चालतात, फक्त गोल पिनांचा अडॅप्टर लागतो.

अंघोळीचंही सांगून पाठवा. बऱ्याच जुन्या घरांत अजून पाणी सिलिंडरवर तापतं, नारंगी रंगाचा, १२.५ किलो गॅसचा, आणि तो आणणारा माणूस गल्लीत सिलिंडर वाजवत येतो. आपल्या लाल सिलिंडरचा धाकटा भाऊ. मधेच संपला तर केसांना साबण आणि गार पाणी. भारतात आजोळी बादलीनं अंघोळ केली असेल तर तुमची मुलगी बाकीच्यांच्या पुढे आहे. वीस मिनिटं शॉवर ही इथे श्रीमंती नाही, असभ्यपणा समजतात. आणि अनवाणी चालायचं नाही! आपल्याकडे चपला दाराबाहेर, इथे उलटं, घरात अनवाणी दिसली की सेन्योरा किंचाळते की आजारी पडशील. सपाता पाठवा, जाड तळव्याच्या.

खाण्याचं. इथे मी स्वतः तोंडावर पडलेली आहे म्हणून सांगते. कामाला लागले तेव्हा पहिल्याच वर्षी एका शाकाहारी मुलीला एका घरी ठेवलं, सेन्योराला सांगितलं 'वेहेतारियाना' आहे, ती म्हणाली काही हरकत नाही. चार दिवसांनी मुलीचा फोन, लेन्तेहास म्हणजे मसूर आमटी वाढलीय, आणि त्यातून चोरिसो सॉसेजचे तुकडे वेचून बाजूला काढलेत. सेन्योराचं म्हणणं, काढलं की मी, आता कुठे आहे मांस? तिची चूक नव्हती, माझी होती. इथे 'कार्ने' म्हणजे मांस म्हटलं की डोळ्यासमोर बीफ-पोर्क येतं, ट्यूना म्हणजे मासा, मांस नाही, आणि हामोन, म्हणजे खारवून सुकवलेलं डुकराचं मांस, ते तर, काय सांगू, चवीला घालायची वस्तू, आपण वरून कोथिंबीर घालतो तशी. त्यामुळे मी आता फॉर्मवर एकेक लिहून घेते: मांस नाही, मासे नाहीत, ट्यूना नाही, हामोन नाही, चिकनचं पाणी घातलेलं सूप नाही, अंडं चालतं, दूध चालतं. तुम्हीही प्रोग्रॅमवाल्यांना असंच लिहून द्या, नुसतं 'व्हेज' लिहू नका.

अंडं चालतं हे ऐकून मला हायसं वाटलं. कारण मग तोर्तिया चालेल, म्हणजे मेक्सिकन पोळी नव्हे, बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, ते इथलं वरणभात आहे. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटोचं दाट गार सूप चालेल, वरचा हामोन काढून नव्हे, न घालता. आणि सेवियाचा एक पदार्थ तिला घरची आठवण करून देईल, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, पालक आणि छोले, लसूण आणि चक्क जिरं घातलेले. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला रडू आलं होतं, खरंच. तुम्ही प्रेशर कुकर पाठवू नका, होस्ट घरात मुलांना सहसा स्वयंपाकघर वापरू देत नाहीत, फ्रीजही विचारून उघडायचा. मसाले, चिवडा ठीक, पण दुधाचे पदार्थ नाही, पेढे-बर्फी-तूप सामानात घालू नका, युरोपियन युनियनच्या बाहेरून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. पलीकडच्या वर्षी एकीच्या आजीनं दिलेले तुपातले बेसन लाडू मात्र सुखरूप आले, कसे ते विचारू नका, मीही दोन खाल्ले.

वेळा मात्र पाठ करून यायला हव्यात. सकाळी टोस्टवर टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, इतकंच. मुख्य जेवण दुपारी २:३० च्या पुढे. मग दुकानं बंद, शहर थंड. संध्याकाळी सहा-सातला चहापाण्याइतकं काहीतरी, आणि रात्रीचं जेवण ९:३० ते १०. अमेरिकन पोटाला १२ ला भूक लागते, मुलगी बाहेर सँडविच खाते आणि २:३० ला ताट अर्धं टाकते, सेन्योराला वाटतं माझं आवडत नाही, मग दोघी मला वेगवेगळे फोन करतात. दुपारी घरी येणार नसेल तर सकाळी सांगायचं, सेन्योरा बोकादियो म्हणजे पावाचं सँडविच बांधून देते. न सांगता गैरहजर राहणं हा इथला सगळ्यात मोठा गुन्हा.

तुमच्या मुलीला अजून एक गोष्ट होईल जी तिच्या गोऱ्या मैत्रिणींना होणार नाही. कुठून आलीस? अमेरिकेहून. नाही, पण खरं कुठून? हा प्रश्न तिला अमेरिकेत विचारला तर तो टोचतो, आणि टोचायलाच हवा. इथे बहुतेक वेळा निव्वळ भोचकपणा असतो, आपल्या एसटीतल्या मावशी 'कुणाच्या तुम्ही' विचारतात त्या जातीचा. 'ईंदू' म्हणतील, म्हणजे हिंदू, पण इथे तो शब्द धर्मासाठी नाही तर भारतीय माणसासाठी सर्रास वापरतात, मुसलमान भारतीयालाही म्हणतात. 'मोरेनिता' म्हणतील, सावळी, लाडानं. वजन वाढलं तर तोंडावर सांगतील. काही मुलींना हे चालतं, काहींना नाही, आणि नाही चालत म्हणणारीला मी कधी समजावत बसत नाही, सरळ घर बदलून देते. घर बदलता येतं हे तिला आधीच माहीत असू द्या.

व्हिसाचं पटकन: अमेरिकन पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण जानेवारी ते मे त्याहून जास्त होतात, म्हणजे स्टुडंट व्हिसा लागणारच, न्यू जर्सीवाल्यांना न्यूयॉर्कच्या स्पॅनिश कॉन्सुलेटमधून. १८० दिवसांच्या आत असल्यामुळे इथे येऊन परत रेसिडेन्स कार्डच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. तिचा पासपोर्ट अमेरिकन की भारतीय हे तुम्ही लिहिलं नाही. भारतीय आणि ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा मिळेपर्यंत चार दिवसांसाठीही येता येणार नाही, ग्रीन कार्ड इथे व्हिसाचं काम करत नाही. मार्कांबद्दल एवढंच की स्थानिक प्राध्यापकाचा कोर्स घेतला तर गुण १० पैकी असतात, ५ ला पास, ७ ला नोताब्ले म्हणजे चांगलेच, आणि ९ च्या वर फार थोडे जातात. ७ बघून घाबरू नका, कॉलेज ते कसं बदलून घेतं ते जायच्या आधी लेखी विचारा.

आता वीकेंड. सगळी पोरं सगळे वीकेंड विमानात घालवतात. मी माझ्याकडच्या मुलांना एकच विनंती करते, पहिले सहा आठवडे कुठे जाऊ नका. रविवारचं जेवण सेन्योराच्या मुलीकडे असतं, नातवंडं येतात, तिथे ओळखी होतात. मग एप्रिलच्या आसपास सेमाना सान्ता येतो, ईस्टरच्या आधीचा आठवडा, शहराचे सगळे रस्ते मिरवणुकींनी बंद. टोकदार टोप्या घातलेली माणसं बघून अमेरिकन मुलं पहिल्यांदा हादरतात, त्यांना भलतंच काहीतरी, म्हणजे अमेरिकेतली वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅन संघटना, आठवते, पण हा प्रायश्चित्ताचा वेष शतकानुशतकं जुना आहे, त्या भलत्याशी संबंध नाही. मला तर पहिल्या वर्षी लक्ष्मी रस्त्यावर उभी आहे असंच वाटलं होतं, कुठलं मंडळ कधी, कोणाचा बँड चांगला, यावर म्हातारे तसेच भांडतात. कॉलेजला सुट्टी असते म्हणून नेमकी त्याच आठवड्यात अमेरिकन पोरं पॅरिसला जातात!

साधारण दोन आठवड्यांनी फेरिया, म्हणजे जत्रा. हजारावर कासेता म्हणजे तंबू, रात्रभर नाच, आणि त्यातले बहुतेक खासगी. दारावर माणूस उभा असतो, आत कोणीतरी ओळखीचं लागतं. चार महिने फ्लॅटमधे काढलेल्या पोरी बाहेरच्या रस्त्यावरून फोटो काढतात. टेबलाशी बसलेल्या मुलीला सेन्योराची भाची उसना फ्लॅमेंको ड्रेस घालून, पिना लावून, हाताला धरून आत नेते. दरवर्षी बघते मी हे.

म्हणून माझं मत होस्ट फॅमिली, आणि शक्यतो अशी जिथे दुसरी अमेरिकन मुलगी ठेवलेली नाही, हे मागून घ्यावं लागतं, मागा.

आणि आता ती ४ वाजताची ओळ. तुमचे ४ म्हणजे इथले रात्रीचे १०. सेन्योरानं तोर्तिया टेबलावर ठेवलीय, सगळ्यांचे पाय परकराखाली, आणि तुमच्या मुलीचा फोन वाजतो, ती सॉरी म्हणून उठते आणि गार खोलीत जाऊन अर्धा तास मराठी-इंग्लिशमधे बोलते, परत येते तेव्हा टेबल पुसलेलं असतं. रोज. तुम्ही काही चूक करत नाही, आईच आहात, पण मी पोरींना टेबलावरून उठताना बघितलंय म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या लंच ब्रेकला, दुपारी १ ला करा. इथे तेव्हा ७ वाजलेले असतात, ती क्लासहून नदीवरच्या पुलावरून घरी चालत येत असेल, तिलाही बोलायला बरं वाटेल. आठवड्यातून तीनदा करा. मार्चमधे दोन-तीन आठवडे फरक ६ ऐवजी ५ तासांचा होईल, तुमची घड्याळं आमच्या आधी पुढे जातात म्हणून, तेव्हा १ ला केलात तर इथे ६ वाजलेले असतील, तेही चालेल. फक्त रात्री ९:३० नंतर नको.